मंगळवारची दुपार

रविवार माझा नाहीच.
रविवारी पाचला उठून मी
प्रभुभोजनाचं पांढरं कापड इस्त्री करते,
मुलांसाठी वचनांच्या चिठ्ठ्या कापते,
सालोमीबाईंचा गुडघा
उपासनेआधी एकदा ऐकते
आणि उपासनेनंतर पुन्हा, पहिल्यापासून.
चाळीस कप चहा. नाताळाच्या आसपास साठ.
यांनी विसाव्यावर उपदेश केला
तो मी मागच्या खोलीच्या जाळीतून ऐकला,
एक डोळा दुधाच्या पातेल्यावर ठेवून.
लोक म्हणाले, फार छान झाला.
असेल.

देवानं सहा दिवस काम केलं, सातव्या दिवशी थांबला.
सातव्या दिवशी चहा कुणी केला,
ते लिहून ठेवलेलं नाही.

मार्च सरताना जानोरीला गेलो होतो,
बर्नबा मोकळांच्या नातवाच्या बाप्तिस्म्याची तारीख ठरवायला.
माल निघून गेला होता.
बाग पिवळी, उदास,
तारेवर दोन-चार विसरलेले घड सुकत होते.
मी म्हटलं, अहो, पाणी घालत नाही का?
बर्नबाभाऊ हसले.
"घालतो, पण तोंड ओलं होण्यापुरतं.
माल गेला की महिनाभर तिच्याकडे काही मागायचं नाही, बाई.
न थांबता छाटली तर
डोळे एकसारखे फुटत नाहीत."

द्राक्षवेलीवर यांची चौदा प्रवचनं मी ऐकली आहेत.
फांद्या, फळं, माळी, कात्री.
हा महिना एकातही नव्हता.

परत येताना म्हसरूळपर्यंत मी गप्प.
हे गाडीवरून मान वळवून म्हणाले, बरं वाटत नाही का?
म्हटलं, चहापत्ती संपलीय.

त्या मंगळवारी जेवणं झाल्यावर
खिळ्यावरची चर्चची चावी घेतली.
फुलं बदलून येते, म्हणाले.
फुलं ताजी होती.

शरणपूर रोडचे हॉर्न भिंतीपाशी येऊन थांबत होते.
आत कबुतरं, आणि जुन्या लाकडाचा वास.
मी चपला काढल्या, दुसऱ्या बाकावर बसले
आणि सवयीनं यादी सुरू केली:
आजारी तेवीस,
बेरोजगार अकरा,
एक घटस्फोट, छताची गळती, सुनेची परीक्षा…
सतराव्या आजाऱ्यापाशी परत येऊन झोप लागली.
जागी झाले तर गालावर बाकाची कड उमटलेली,
आणि तोंडातून लाळ.
देवाच्या घरात!
पदरानं बाक पुसला, घाईनं कुलूप लावलं.

पुढच्या मंगळवारी यादी अर्धी झाली.
तिसऱ्या मंगळवारी मी ती काढलीच नाही.
नुसती बसले.
आठवला फक्त तो,
वादळात, नावेच्या मागच्या भागात,
उशीवर डोकं टेकून गाढ झोपलेला.
लाटांबद्दल सगळे बोलतात.
मला ती उशीच दिसत राहिली.
कुणी शिवली असेल?
कुठल्या तरी बाईनं, रात्री, दिव्याच्या उजेडात,
जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन,
टाके जरा मोठेच,
पण आत कापूस भरपूर.
तिला कुणी सांगितलं असेल का
की तो तिच्यावर झोपला होता?

मला त्या दुपारी काही दर्शन झालं नाही.
आवाज आला नाही.
चार वाजता पाणी आलं असेल म्हणून उठले,
एवढंच की
जिना चढताना
मी काहीतरी गुणगुणत होते.

काल रविवार.
अडतीस कप.
सालोमीबाईंनी गुडघ्याचं काढलंच नाही.
माझा हात धरून कोपऱ्यात नेलं,
मूठ उघडली:
केसांची काळी पिन.
"माझ्या बाकाच्या फटीत सापडली."
मी गप्प. कानाच्या पाळ्या गरम.
ती पिन त्यांनीच माझ्या अंबाड्यात खोचली,
जरा टोचेल अशी,
आणि कप पुढे करत म्हणाल्या,
"मंगळवारी पंखा लावत जा गं.
तिथं डास फार आहेत.
मला माहीत आहे."